मुलगी स्वखुशीने तयार आहे

७ जानेवारी, सातारा

आजपासून मी स्थळतज्ज्ञ झालो. बावन्न वर्षं बिनलग्नाच्या राहिलेल्या माणसाला हे पद देण्यात भाऊसोंचा विनोद किती आणि घाई किती, ते सांगता येत नाही. भाऊसो आमच्या आश्रयगृहाचे अध्यक्ष. नोकरीच्या नाहीतर लग्नाच्या नावाखाली विकलेल्या आणि पोलिसांनी सोडवून आणलेल्या मुली-बायका इथे राहतात. मी समितीवर आहे तो वार्ताहर म्हणून, म्हणजे छापून चांगलं यावं म्हणून.

काम असं. आमच्याकडे लग्नाचे अर्ज येतात. ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, पोरगा चौतिशीला आला आणि मुलगी कोणी देत नाही, अशी घरं संस्थेला लिहितात. आजच्या एका अर्जात 'मुलगी कशीही चालेल' असं होतं. एवढी उदारता मी धर्मशास्त्रातही वाचलेली नाही. मी जाऊन घर बघायचं, अहवाल द्यायचा, मग समितीने मुलगी द्यायची. वर्षाच्या शेवटी तिच्या नावापुढे 'पुनर्वसन झाले' असं पडतं.

"पोरगी उजवली की ती बी सुखी, आपुन बी मोकळं," भाऊसो म्हणाले.

"ती सुखी झाली का, हे नंतर कोण बघतं?" असं विचारलं अर्जुना कांबळे यांनी. या नव्या अधीक्षिका. पावसाळ्यानंतर आल्या आणि पहिलं काम केलं ते मुलींच्या खोल्यांना आतून कड्या बसवण्याचं. कोणीही असो, दार वाजवूनच आत जायचं. मी गमतीने विचारलं, "मंत्री आले तरी?" म्हणाल्या, "त्यांनी दोनदा."

९ जानेवारी

गुरुवार, पूजाचा संस्कृतचा तास. मुलगी वीस वर्षांची, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. बारावी राहिली आहे, ती बाहेरून करायची म्हणते. संस्कृतच का, तर "तुमी फुकट शिकवता म्हणून."

सतराव्या वर्षी तिला सांगलीच्या एका कापडदुकानात काम लावतो म्हणून नेलं आणि विकलं. पप्पू नावाचा एकजण पकडला गेला, सध्या जामिनावर आहे. त्याच्याबरोबर आणखी एक होता. त्याचा चेहरा आठवत नाही, असं तिने पोलिसांना सांगितलं. खटला सांगलीला उभा आहे आणि तिची साक्ष अठरा फेब्रुवारीला.

आज द्विवचन काढलं. एकासाठी एक रूप, दोघांसाठी दुसरं, पुष्कळांसाठी तिसरं. कंटाळेल असं वाटलं होतं.

"बरोबर हाय की," ती म्हणाली. "दोघांची गोष्ट येगळीच असती. एक गोड बोलतो, दुसरा गाडी चालू ठेवतो."

वैयाकरणांना हे उदाहरण सुचलेलं नाही. मी मोठ्याने हसलो. ती हसली नाही. विनोद करून स्वतः न हसणं ही वरची पायरी.

१५ जानेवारी, पलूस

पूजासाठी स्थळ. मुलगा शिवतेज, चौतीस वर्षांचा, थोडी द्राक्षबाग, बाकी ऊस. आईवडील नाहीत. सगळा कारभार मामांकडे, नाव नाथाजी. सैन्यात होतो म्हणाले, आणि मिशी बघता खोटं वाटत नाही.

मी चौकशी पद्धतशीर केली. गोठा बघितला, संडास बघितला, सातबारा बघितला. शिवतेजशी बोललो. तो जमिनीकडे बघत "व्हय" म्हणतो, पण व्यसन नाही. मग नाक्यावरच्या टपरीवर गेलो. टपरीवाला म्हणाला, "पोरगं गरीब हाय." मामांबद्दल विचारलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा गाळायला लागला. दुसरं गिऱ्हाईक मला दिसलं नाही. असो, अबोल माणूस.

नाथाजींनी आपणहून विषय काढला. "आवं पंडितजी, पोरीची कोर्टकचेरी चालू हाय म्हणं. आमची सून झाल्यावर ती कोर्टाची पायरी चढली तर चारचौघांत बरं दिसतंय व्हय? त्याच्या आदी उरकू. चौदा फेब्रुवारी धरा."

"पंचांग बघितलंत?"

"दिवस समदे देवाचेच की."

घराण्याची अब्रू जपणारी माणसं अजून आहेत म्हणायची. निघताना द्राक्षांची पेटी गाडीत ठेवली. मी नको नको म्हणत राहिलो आणि पेटी गाडीतच राहिली. संध्याकाळी मुलींना वाटली. पूजाला म्हटलं, "घे, तुझ्या सासरची." तिने दोन मणी घेतले.

२० जानेवारी

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, संस्थेच्या ऑफिसात. एका बाजूला नाथाजी आणि शिवतेज, दुसऱ्या बाजूला भाऊसो, अर्जुनाबाई आणि मी.

पूजा चहा घेऊन आली ती दारातच थांबली. तिची नजर नाथाजींवर गेली, आणि ट्रेमधले दोन कप खाली गेले.

"लाजती पोर," नाथाजी हसत म्हणाले. "ये की. म्या काय वाघ हाय व्हय?" मग फार मायेने चौकशी केली. "आन धाकटी कशी हाय? साक्षी ना ती? धाव्वीला असंल आता. येकटीच जाती का यष्टीनं मेढ्याला?"

होणाऱ्या सुनेच्या धाकट्या बहिणीची एवढी काळजी. मला हे फार आवडलं. नाव मीच पलूसला सांगितलं असणार, मी गरजेपेक्षा जास्त बोलतो हे सर्वमान्य आहे.

पूजा म्हणाली, "मला पसंत हाय."

अजून कोणी विचारलंही नव्हतं. भाऊसोंनी लगेच पेढे मागवले. शिवतेजने पहिल्यांदाच मान वर केली आणि गरीब बिचारा इतका खूश दिसला की मलाही बरं वाटलं. अर्जुनाबाई खाली बसून कपाचे तुकडे वेचत होत्या. पेढा त्यांनी घेतला नाही.

२१ जानेवारी

अहवाल दिला. भाषा चांगली उतरली आहे. शेवटचं वाक्य: 'मुलगी स्वखुशीने तयार आहे.' भाऊसोंनी ते दोनदा वाचून घेतलं.

२३ जानेवारी

पूजा तासाला आली नाही. डोकं दुखतंय म्हणे. लग्न ठरलेल्या मुलीला कशाला हवी विभक्ती?

२८ जानेवारी

अर्जुनाबाईंनी बोलावून घेतलं. पूजा जेवत नाही.

"मी तिला तीनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "आतून कडी घालून, दोघीच. तिन्ही वेळा हो म्हणाली."

"मग प्रश्न कुठे राहिला?"

"रडत हो म्हणणाऱ्या बघितल्यात मी, हसत म्हणणाऱ्याही बघितल्यात. ही पाढा म्हटल्यासारखं म्हणते."

पाठांतराला आमच्याकडे मान आहे, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. या बाईंसमोर माझे विनोद फुकट जातात.

"त्या नाथाजींना बहिणीचं नाव कुणी सांगितलं?"

"मीच असेन."

"असेन, की आहे?"

आठवून बघितलं. सांगितल्याचं आठवत नाही. पण बोलण्याच्या ओघात मी काय काय सांगतो ते मला कधीच आठवत नाही, असं उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, "आईची संमती घ्यायची आहे ना? तुम्हीच जा. अहवाल तुमचा आहे."

२ फेब्रुवारी, मेढा

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी वाडीवर पोचलो. पूजाची आई बाळाबाई एकट्याच शेतीचं बघतात, नवरा नाही. साक्षी पंधरा वर्षांची, बडबडी. तिने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की भूमिती हा विषय बंद केला पाहिजे. पोहे आले. मी संमतीचं काढलं.

"माझी कशाला पायजे संमती? नाथाजी पावणं दोनदा यिऊन गेलं," बाळाबाई म्हणाल्या. "लय चांगला माणूस. साक्षीला बी सांगलीला कापडदुकानात लावतो म्हणाले. आज न्ह्यायला येनार हायती."

"शाळा?"

"लग्नापातुर. चार दिस हातभार. मग धाडतो म्हणाले परत."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी विचारलं, पूजालाही कापडदुकानाचंच सांगितलं होतं ना?

"तवा पप्पू हुता. त्यो लबाड निघाला. ह्ये तर सोयरं हायती, सर."

पप्पूबरोबरच्या दुसऱ्या माणसाला तुम्ही बघितलं होतं का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. तो खाली रस्त्यावर होता, गाडीत.

चहाचा ट्रे, दारात थांबलेली मुलगी, आणि मायेने केलेली धाकटीची चौकशी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि मी त्याचा चांगल्या मराठीत अहवाल लिहिला होता. मुहूर्त पंचांगातून काढलेलाच नव्हता. तो कोर्टाच्या तारखेवरून मागे मोजून काढला होता.

वाडीत फोन लागतो तो फक्त फणसाखाली. अर्जुनाबाईंना सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. "पोरीला नजरेआड करू नका. बालकल्याण समितीच्या बाई आणि पोलीस घेऊन निघतेच."

"आणि तो आधी आला तर?"

"बोलत बसा. ते तुम्हाला येतं."

तो आधी आला. पांढरी जीप अंगणाच्या कडेला उभी केली आणि गाडी बंद न करता उतरला. मला बघून क्षणभर थबकला, मग हसला.

"आवं पंडितजी, तुमी इकडं कुटं?"

"आईची संमती. शास्त्राप्रमाणे."

"घ्या की. म्या जरा गडबडीत हाय. साक्षे, पिशवी घे गं."

"गडबड कसली, मामा? बसा. लग्न चौदाला आलं आणि विवाहाचा प्रकार अजून ठरलेला नाही."

"प्रकार?"

"आठ आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विद्येचा उपयोग झाला. ब्राह्म विवाहापासून सुरुवात केली. साक्षीला चहाला पिटाळलं. चहा आला तर गोड झाला म्हणून परत पाठवला, पुन्हा आला तर अगोड. ती माझ्याकडे अशी बघत होती की भूमितीनंतर दुसरा नंबर माझाच. दैव झाला, आर्ष झाला. आर्षात गाय-बैलाची जोडी देतात, त्यावर बैलांच्या जातींत बराच वेळ काढला. नाथाजी दोनदा उठले. दोनदा मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालो, "महत्त्वाचं पुढेच आहे." गाडी बाहेर चालूच होती.

"पाचवा आसुर," मी म्हणालो. "पैसे मोजून मुलगी घ्यायची, तो."

त्यांनी माझ्याकडे सावकाश बघितलं. "आता कोन करतंय असलं?"

"नाही ना? माझंही तेच मत."

बाळाबाई कौतुकाने ऐकत होत्या. नाथाजींचं हसू गेलं होतं. ते उठले ते या वेळी माझा हात बाजूला करूनच. "पंडितजी, लय झालं. साक्षे, चल."

मुलगी पिशवी घेऊन उंबऱ्यात आली. मी काय केलं ते लिहायला संकोच वाटतो. मी उंबऱ्यात बसलो. छातीत कळ आली म्हणालो. साक्षी पिशवी टाकून पाणी आणायला धावली, बाळाबाई वारा घालायला लागल्या. नाथाजी माझ्यावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "नाटक चांगलं करताय." मी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर तोवर छातीत थोडं दुखायलाही लागलं होतं.

पोलिसांची जीप आली तेव्हा मी अजून उंबऱ्यातच होतो. अर्जुनाबाई मला ओलांडून सरळ साक्षीजवळ गेल्या.

नाथाजी पोलिसांशीही गोड बोलले. "न्या की पोरीला. बरंच हाय. सोयऱ्यांनी मदत करायची बी चोरी झालीया." त्यांच्यावर आरोप ठेवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. ते गाडीत बसले आणि गेले.

३ फेब्रुवारी

साक्षीला मुलींच्या बालगृहात ठेवलं आहे. आज दोघी बहिणींची भेट घडवली. पूजाने तिला आधी एक चापट मारली, मग धरून बसली.

नंतर ऑफिसात येऊन म्हणाली, "लगीन न्हाई करायचं."

अर्जुनाबाईंनी विचारलं, दुसरा माणूस तोच का? पूजा म्हणाली, "कोर्टात सांगीन. एकदाच सांगीन, तितंच. हितं सांगितलं की उद्या समद्यांना ठावं, आन त्यो गायब."

मला हे चुकीचं वाटतं. तसं बोलणारही होतो. अर्जुनाबाईंनी मान हलवली आणि मी गप्प राहिलो, हीही नोंद करण्याजोगी घटना.

५ फेब्रुवारी

समितीची बैठक. भाऊसो तापले होते.

"लग्न मोडायला कारन काय? सांगलीत कापडदुकान काय येकच हाय? मानूस सोयरा म्हणून मदत करतोय आन तुमी त्याला चोर ठरवताय." मग माझाच अहवाल माझ्यापुढे सरकवला. "स्वखुशीनं. कुनी लिवलंय हे?"

"मी."

"मग खोटं लिवलं का?"

"न विचारता लिहिलं."

अर्जुनाबाई म्हणाल्या, लग्न अठरा तारखेनंतर बघू, तोवर मुलगी माझ्या जबाबदारीवर. काही झालं तर तुमची नोकरी जाईल, असं भाऊसोंनी त्यांना सुनावलं. त्या म्हणाल्या, "तसं लिहून ठेवा," आणि पुढचा विषय घेतला.

१४ फेब्रुवारी

लग्न झालं नाही. दुपारी शिवतेज एकटाच गेटवर आला होता. मामाचा फोन लागत नाही म्हणाला. "माजं काय चुकलं का, सर?" त्याला बायको मिळणार एवढंच माहीत होतं. मी त्याला चहा पाजला आणि परतीच्या एसटीत बसवून दिलं. याचं पुनर्वसन कोणत्या समितीकडे येतं, कोण जाणे.

संध्याकाळपासून एक मोटारसायकल समोरच्या रस्त्यावर उभी आहे. अर्जुनाबाईंनी पोलिसांना कळवलं. पूजाने खिडकीतून बघितलं आणि पडदा तसाच उघडा ठेवला.

१८ फेब्रुवारी, सांगली

पहाटे निघालो. पुढे पोलिसांची गाडी, मागे आम्ही. इस्लामपूरला ऊस भरलेल्या ट्रॉल्यांत अडकलो आणि डावीकडून एक मोटारसायकल चिकटून चालायला लागली. पूजाने माझा हात धरला. मला वाटलं घाबरली. माझाच हात थरथरत होता म्हणून धरला होता, असं नंतर अर्जुनाबाईंकडून कळलं. मोटारसायकलवर दुधाच्या किटल्या होत्या.

साक्ष बंद दाराआड. पूजा आणि तिच्या सोबतीला अर्जुनाबाई आत गेल्या. वार्ताहराने बाहेर बसायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून पोट भरलं आणि आज जे ऐकायला हवं होतं त्यासमोर जाड सागवानी दार.

बाकावर शेजारी कोणीतरी येऊन बसलं. नाथाजी. ते येतील असं वाटलं नव्हतं. पण कळलं, पूजा आत जाताना तिला नुसतं दिसावं म्हणून ते आले होते. तिने बघितलंही होतं.

"कसं हाय छातीचं दुखणं, पंडितजी?"

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो.

"राह्यलेले तीन प्रकार कवा सांगताय?"

त्यांनी तंबाखू काढली, मळली, पण खाल्ली नाही. दार उघडत नव्हतं. आत एकदा वकिलाचा आवाज चढला, मग खूप वेळ काहीच नाही. मला राहून राहून वाटत होतं की ती त्याचं नाव घेणार नाही. इतका वेळ लागतो तो नाव न घेण्यालाच. आत जाताना अर्जुनाबाई एवढ्या निर्धास्त कशा होत्या, याचा रागही आला.

दार उघडलं ते दुपार कलल्यावर. पूजा बाहेर आली. नाथाजी उठून उभे राहिले, हसून, घरच्यासारखे. ती त्यांच्यासमोर थांबली. अर्जुनाबाई तिच्या मागे एक पाऊल सोडून.

"मामा, समदं सांगितलं," पूजा म्हणाली. "तुमचं नाव बी. गाडीत तुमी काय काय बोलत हुता, ते बी."

नाथाजींनी इकडेतिकडे बघितलं. "पानी पिऊन येतो," म्हणाले.

सरकारी वकिलांच्या मागून आलेला हवालदार म्हणाला, "बसा. पाणी इथंच आणतो."

परतताना कासेगाव मागे पडलं. मग पूजा खिडकीकडे बघतच म्हणाली, "सर, मला वाटलं तुमी बी त्यांच्यातलंच."

"का?"

"दराक्षं घिऊन आला हुता की. आन म्हणाला, सासरची हायत."

कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं. साताऱ्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा ती झोपली होती.

२० फेब्रुवारी

पप्पूचा जामीन रद्द करावा म्हणून सरकारी वकिलांनी अर्ज दिला आहे. नाथाजी कोठडीत आहेत. पण कुठल्याशा मोठ्या वकिलाची गाठ घेतल्याचं ऐकलं, तेव्हा खटला आणखी चालणार. पूजाला पुन्हा बोलावतील. ती म्हणते, बोलावू देत.

भाऊसोंचा फोन. वर्षाचा अहवाल पाठवायचा आहे. "त्या पोरीच्या नावापुढं काय लिवू? लग्न न्हाई, घरी न्हाई, नोकरी न्हाई. वरच्या हापिसाला कायतरी दाखवाय लागतंय."

वीस वर्षांपूर्वी मी त्यांना लगेच एक वाक्य दिलं असतं. महिन्यापूर्वीही दिलं असतं. म्हटलं, थांबा.

पूजा जिन्यात बसून साक्षीने पाठवलेली भूमितीची गणितं तपासत होती. तिला विचारलं. तिने पेन खाली ठेवलं आणि बराच विचार केला. तिला कोणी असं विचारलं नसावं, आणि मलाही विचारायचं कसं हे नीट जमलं नसावं.

ती म्हणाली तसं लिहिलं: 'पूजा इथेच आहे. बारावी झाल्यावर कुठे जायचं ते ती ठरवेल, आणि ठरलं की सांगेल.'

"ह्याला काय पुनर्वसन म्हंत्यात व्हय?" फोनवर ऐकून भाऊसो म्हणाले.

मी कागद खाली नेऊन पूजाला वाचायला दिला. तिने बोट ठेवून सावकाश वाचला.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "धाडा."